ढाबळीची खबर: काबऱ्या जोडीची पिल्लं मार्गी लागली

मंडळी, मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर काबऱ्या कबुतरांच्या जोडीची दोन्ही पिल्लं अंड्यातनं बाहेर आली आणि दोन्ही टिकली. दोन अंडी पडण्यात जवळपास दोन दिवसांचं अंतर असतं, पण मादी पहिल्यावर नीट बसत नाही. दुसरं पडलं की खरी ऊब सुरू, तिथनं 17-18 दिवस. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, बाकी वेळ आणि अख्खी रात्र मादी.

पहिले चार-पाच दिवस पिल्लाला दाणा नसतो. आईबाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत दूध तयार करतात. दूध म्हणायचं, पण दिसतं पनीरच्या पिवळट चुऱ्यासारखं. पिशवीच्या अस्तरातल्या पेशी गळून ते बनतं, त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर. हे घडवून आणणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन. 1933 साली ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी त्याला हे नाव दिलं, तेही कबुतरांच्या याच पिशवीवर प्रयोग करून. बाईच्या अंगावर दूध आणणारं संप्रेरक आमच्या नराच्या गळ्यातही राबतंय, नाद खुळा!

भरवणं जवळनं बघा. डोळे मिटलेलं पिल्लू मान थरथरवत वर करतं, चोच थेट बापाच्या तोंडात खुपसतं. बाप मान खाली-वर हिसडून आतलं वर आणतो. माझ्या हातातली वाटी त्यापुढं काय करणार? आईबाप धड असतील तर हातानं भरवायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत.

आता ज्वारी, मका, वाटाणा चालू आहे. ग्रिटचं, म्हणजे पोटात दाणा दळायला लागणाऱ्या बारीक खडीचं, भांडं बघता बघता रिकामं होतं. पायातल्या ओळखीच्या रिंगा पिल्लं आठवड्याची असतानाच चढवल्या, नंतर पाय जाड होतो. घरट्याच्या थाळीत तंबाखूच्या काड्या आहेत, निपाणीकडचा दोस्त आणून देतो. उवा लागत नाहीत, पण पावसात काड्या दमट होतात, सारख्या बदलाव्या लागतात.

ताजी खबर अशी की पिल्लांना अजून धड पंख नाहीत तोवर मादीनं शेजारच्या थाळीत परत अंडं टाकलं. भरवायचं सगळं आता नराच्या गळ्यात, बिचारा वाळलाय. म्हणून ही अंडी काढून नकली ठेवणार. मादी तिचे दिवस बसेल, कंटाळून उठेल, तेवढीच दोघांना विश्रांती. कुणाकडं वजनदार नकली अंडी असतील तर सांगा. दुकानातली फार हलकी, मादी पायानं बाहेर लोटते.