दसऱ्याची संत्री

एका जुन्या छोट्या ॲनिमेशन फिल्मचे मूळ रंग परत आणायचं काम माझ्याकडे आलं. घरी टीव्हीवर बघायला ती नव्याने काढायची आहे. गोष्ट अगदी साधी. दसऱ्याच्या तोंडावर शेतकऱ्याची पोरगी टोपलीभर संत्री बाजारात नेते, व्यापारी फळ बघताच नाही म्हणतो, मग ती एक सोलून त्याच्या हातावर ठेवते. निगेटिव्ह सापडत नाही. उरली एक व्हिडिओ टेप, टीव्हीसाठी कधीतरी केलेली, आणि १६ मिमीची एक प्रिंट. ती विदर्भात, वरूडजवळच्या एका खेड्यात, पत्र्याच्या खोलीत, पेटीत पडून होती. ज्या काकांकडे ती होती, ते तरुणपणी मुंबईत याच फिल्मचे सेल, म्हणजे चित्रांचे पारदर्शक ताव, रंगवायला होते.

टेपमध्ये संत्री भडक केशरी आहेत. प्रिंटमध्ये सगळंच गुलाबी आहे. काकांच्या वहीतल्या रंगाच्या ठिपक्यांत 'फळ' असं लिहिलंय तिथे पोपटीकडे झुकणारा पिवळा आहे. आता मूळ रंग कोणता धरायचा?

प्रिंट गुलाबी का होते, ते आधी सांगते. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रिंटमध्ये सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा असे तीन थर असतात. अंधारात पडून असतानाही सायन सगळ्यात आधी उडतो, आणि उष्णतेत तर फारच लवकर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो अशा भागात, पत्र्याखाली, त्याचं काय उरणार? पण मॅजेंटा बराच टिकतो. म्हणून स्कॅनमधला हिरवा चॅनेल, जो मॅजेंटाच्या थराचीच नोंद असतो, तो सहसा खोटं बोलत नाही. लाल चॅनेल, म्हणजे उडालेल्या सायनची नोंद, मात्र पाणचट होतो, तो ताणून घ्यावा लागतो. कार्टूनमध्ये हे थोडं सोपं जातं, कारण शाईची रेघ काळी असते आणि डोळ्याचं बुबुळ सोडून बाकीचा भाग पांढरा. ही दोन टोकं पक्की धरून मधलं ताणायचं. ताणलं की फिल्मचे दाणे उसळतात. मग घाईतली माणसं ते दाबायला नॉइज रिडक्शन लावतात आणि दाण्यांबरोबर शाईच्या बारीक रेघाही पुसून टाकतात. हाताने ओढलेली रेघ अशी घालवून त्याला 'स्वच्छ' म्हणायची जी पद्धत पडली आहे, तिचा मला मनापासून राग येतो.

तर हिरवा चॅनेल. पोरीचं पोलकं लाल आहे. प्रिंटमध्ये पोलक्यात मॅजेंटा भरपूर आहे आणि संत्र्यात अगदी थोडा. भडक केशरी फळात तो इतका कमी असूच शकत नाही. म्हणजे टेप करताना कुणीतरी फक्त फळाचा रंग निवडून तो लालीकडे ढकलला होता. पुरावाही तिथेच मिळाला. माणसाच्या कातडीचा रंग आणि संत्र्याचा रंग शेजारीशेजारी असतात, त्यामुळे ज्या ज्या शॉटमध्ये पोरीचा हात टोपलीत आहे, तिथे टेपमध्ये तिचे तळवेही तांबडे झालेत. पुढच्याच शॉटमध्ये, टोपली नसताना, ते पुन्हा सावळे आहेत.

क्लायंटचं म्हणणं होतं, मग वहीतला ठिपका घ्या, तोच मूळ रंग. पटण्यासारखं वाटतं, पण काकांनी ते पहिल्याच वाक्यात मोडलं. "पोरी, तो बरणीतला रंग हाय. पडद्यावरचा नाई. लॅबमधून टेस्ट यायची, ते पाहून आमी बरणी बदलवत होतो."

मग त्यांनी वही उलगडून दाखवली. एकाच फळासाठी तीन ठिपके होते. सेल एकावर एक ठेवून कॅमेऱ्याखाली घेतात. प्रत्येक सेल थोडा प्रकाश खातो, म्हणून खालच्या थरातलं फळ जरा उजळ रंगवायचं, तरच ते वरच्या थरातल्या फळाशी जुळतं. काका ज्यांच्याकडे शिकले, ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमधले होते. तिथे १९५६ मध्ये डिस्नेत काम केलेले ॲनिमेटर क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. वहीतला पोपटी ठिपका खालच्या थराचा निघाला. शिवाय कॅमेऱ्यावरचे दिवे साधारण ३२०० केल्व्हिनचे, पिवळट (केल्व्हिनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). अंगणातल्या उन्हात तोच ठिपका वेगळा दिसतो. मी तिन्ही ठिपके मीटरने मोजले आणि त्या दिव्यांच्या उजेडात ते कसे दिसले असते याचा हिशोब केला. उत्तर आलं, पिवळं फळ, देठाकडे हिरवट. प्रिंटचा हिरवा चॅनेल हेच सांगत होता.

दुपारी मॉनिटर ओसरीच्या आत, अंधाऱ्या खोलीत मांडला आणि आधी टेप लावली. काकांच्या सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, "हे तं मृगाचं फळ हाय. अन् मांगं दसऱ्याचं तोरण कसं काय?"

सगळा खटला तिथेच निकाली निघाला. मृग बहाराचं फळ थंडी खाऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, अंगभर केशरी. दसऱ्याला येतो तो आंब्या बहाराचा पहिला तोडा. रात्री अजून गार झालेल्या नसतात, म्हणून सालीतला हिरवा रंग जात नाही, पण आत फळ पिकलेलं असतं. व्यापारी नाकारतो ते त्या हिरव्या सालीमुळे! फळ केशरी केलं की तो उगाच खाष्ट ठरतो आणि पोरगी संत्रं सोलते त्याला काही अर्थच उरत नाही. ज्याने टेपवर फळ 'दुरुस्त' केलं, त्याने गोष्टच काढून घेतली. वरूड-मोर्शीच्या कुठल्याही शेतकऱ्याला जे बघताक्षणी कळतं, ते त्या संपादनाच्या खोलीत कुणालाच दिसलं नाही.

एक प्रश्न अजून सुटत नाही. हिरवट, पण नेमकं किती? काकांना माझी प्रत दाखवली. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. ते स्वतःच एकेक डोळा झाकून बघत होते. पिकलेल्या मोतीबिंदूतून जग पिवळं दिसतं, नव्या भिंगातून निळं जास्त येतं. "याच्यानं पाहलं तं कच्चं वाटते, अन् याच्यानं बरोबर," असं म्हणून ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. गावोगावी ही फिल्म दाखवली तेव्हा १६ मिमीच्या प्रोजेक्टरचा दिवाही पिवळाच होता. म्हणजे गावकऱ्यांनी पाहिलेलं फळ मुंबईच्या थिएटरात झेनॉनच्या पांढऱ्या दिव्यावर पाहिलेल्या फळापेक्षा पिकलेलं होतं. आणि घरातल्या टीव्हीचा पांढरा ६५०० केल्व्हिनचा, दोघांहूनही गार, म्हणजे निळसर.

मी ऑपरेशन झालेला डोळा आणि मीटर यांच्यावर भरवसा ठेवला. मंडईतल्या अंधाऱ्या दोन शॉट्समध्ये लाल चॅनेल जवळजवळ संपलाय. तिथला रंग मी शेजारच्या शॉटवरून घेतलाय आणि सोबतच्या टिपणात तसं स्पष्ट लिहिलंय.

क्लायंटचा निरोप आला आहे की प्रेक्षकांना केशरी संत्र्यांची सवय आहे, तेवढं फळ लाल करून द्या. मी नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या कुणाकडून ते करून घेतील, अशी भीती आहे. म्हणून पोलकं, तळवा आणि फळ यांचे हिरव्या चॅनेलचे आकडे, वहीचे फोटो आणि काकांचं बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करून, सगळं मूळ स्कॅनच्या फाइलसोबतच ठेवलंय.