बेलडांगीची शाळा आणि फादर लोक

अमेरिकेत, ओहायोतल्या आमच्या कोलंबसमध्ये नेपाळी बोलणारी माणसं पावलोपावली भेटतात. मोमोची दुकानं, दशैंला म्हणजे नेपाळी दसऱ्याला कपाळभर टिका लावून फिरणारी आजी-आजोबा मंडळी, सगळ्यांना वाटतं हे नेपाळचे, पण त्यातले बहुतेक मूळचे भूतानचे आहेत. दक्षिण भूतानमधले ल्होत्शाम्पा, म्हणजे पिढ्यानपिढ्या तिथे शेती करणारे नेपाळी भाषिक, बरेचसे हिंदू. १९८५ मध्ये भूतानने नागरिकत्वाचा नवा कायदा केला, १९८८ मध्ये शिरगणती झाली आणि लोकांना सांगितलं की १९५८ सालची सारा भरल्याची पावती दाखवा, नाहीतर तुम्ही इथले नाही. तीस वर्षांपूर्वीची पावती! आपल्यापैकी किती जणांच्या घरी आजोबांची शेतसाऱ्याची पावती जपून ठेवलेली असेल? शाळांमधून नेपाळी विषय काढून टाकला, पोशाखाची सक्ती आली, १९९० मध्ये लोकांनी मोर्चे काढले आणि मग धरपकड, मारहाण. लाखभर माणसं आसाम-बंगालच्या वाटेने नेपाळच्या झापा जिल्ह्यात नदीकाठी येऊन पडली. पुढे तिथे आणि शेजारच्या मोरङमध्ये मिळून सात कॅम्प उभे राहिले.

माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण ह्यातलीच, जन्मच कॅम्पातला, बेलडांगीचा. आम्ही दोघी हिंदीत बोलतो, ती मला दिदी म्हणते. एकदा डबा खाताना मी विचारलं की तुझं इंग्लिश इतकं चांगलं कसं गं, तर म्हणाली, "दिदी, हमारा स्कूल तो इंग्लिश मीडियम था, फादर लोग चलाते थे." मला हे काहीच माहीत नव्हतं म्हणून मग मी वाचत गेले आणि तिला विचारत गेले, आणि आता हे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

फादर लोक म्हणजे जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस, जेझुइट ह्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाची निर्वासितांसाठी काम करणारी संस्था, सगळे जेआरएस म्हणतात. कारितास नेपाळ ही तिथल्या चर्चची संस्था आणि जेआरएस, दोघांनी मिळून भूतानी निर्वासितांच्या शिक्षणाचं काम वर्षानुवर्षं चालवलं. तिच्या शाळेचं वर्णन ऐकाल तर डोळ्यासमोर उभं राहतं. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर गवताचं छप्पर, खालच्या वर्गांना बाकं नाहीत, मातीवर पोतं टाकून बसायचं, आणि तट्ट्यांतून शेजारच्या वर्गाचे पाढे इतके स्पष्ट ऐकू यायचे की वरच्या वर्गात जायच्या आधीच निम्मे पाठ झालेले असायचे. संध्याकाळी रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास. इंग्लिश, गणित, नेपाळी होतंच, आणि झोंगखासुद्धा शिकवायचे, भूतानची राजभाषा, कारण तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की आपण परत जाणार आहोत आणि पोरांना तिथे गेल्यावर अडायला नको.

शिकवणारे कोण, तर कॅम्पातलेच. शेजारच्या झोपडीतला दादा जो सकाळी पाण्याच्या नळावर रांगेत उभा असतो तोच दहा वाजता गणिताचा सर. निर्वासितांना नेपाळमध्ये नोकरी करायची परवानगी नव्हती म्हणून त्यांना पगार नाही, थोडंफार मानधन मिळायचं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाहेरून पगारी शिक्षक आणून बसवले असते तर शाळा झाली असती पण त्या दादाच्या हाताला काम आणि चार लोकांत मान मिळाला नसता. कॅम्पात माणूस उपाशी मरत नाही, रेशन येतं, तांदूळ डाळ तेल येतं, पण धडधाकट माणसाला पंधरा पंधरा वर्षं नुसतं रांगेत उभं राहायला लावलं की तो आतून खचतो. ती सांगते की तिचे वडील भूतानमध्ये संत्र्यांची बाग सांभाळायचे आणि कॅम्पात आल्यावर वर्षभर कुणाशी धड बोललेच नाहीत.

जेआरएस सुरू कशी झाली तेही मी सांगते. पेद्रो आरूपे नावाचे स्पॅनिश धर्मगुरू, येशूसंघाचे म्हणजे जेझुइटांचे जगभरातले प्रमुख. डॉक्टरकी शिकत होते ती अर्धवट सोडून संघात गेले, मग १९३२ मध्ये स्पेनच्या सरकारने जेझुइटांनाच देशाबाहेर काढलं, म्हणजे देश सोडावा लागणं काय असतं ते त्यांनी स्वतः भोगलेलं. पुढे जपानात गेले, ६ ऑगस्ट १९४५ ला ते हिरोशिमाच्या वेशीवरच्या नागात्सुकात होते, बॉम्ब पडल्यावर त्यांनी आपल्या मठाचं हॉस्पिटल केलं आणि अर्धवट शिकलेली डॉक्टरकी तिथे कामी आली. १९७९ च्या नाताळच्या सुमाराला व्हिएतनाममधून होड्यांतून पळणाऱ्या, समुद्रात बुडणाऱ्या माणसांच्या बातम्या येत होत्या, तेव्हा त्यांनी ठिकठिकाणच्या जेझुइट प्रमुखांना तारा केल्या की आपण काय करू शकतो ते कळवा. पैसे, औषधं, माणसं, सगळीकडून मदत आली, आणि १४ नोव्हेंबर १९८० ला जेआरएस सुरू झाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये बँकॉकला निर्वासितांमध्ये काम करणाऱ्यांशी बोलून ते रोमला परतले आणि विमानतळावरच त्यांना पक्षाघात झाला. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते, १९९१ मध्ये गेले. त्यांनी लावलेलं काम आज पन्नासहून जास्त देशांत चालू आहे.

आता कुणीतरी विचारणारच की मिशनरी आले म्हणजे धर्मांतर आलंच का. मी तिला सरळ विचारलं होतं. तिचं घर आजही कट्टर हिंदू आहे, तिहारला म्हणजे त्यांच्या दिवाळीला दारात रांगोळी, पूजा सगळं साग्रसंगीत, आणि तिच्या शाळेत तरी कुणी कधी तुमचा देव सोडा असं म्हटलं नाही असं ती ठामपणे सांगते. जेआरएस जगभर ज्यांच्यात काम करते त्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, बौद्ध आहेत. मी स्वतः ख्रिश्चन नाही आणि मला ह्या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो, बस.

मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे हे सगळं वाचताना कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव आठवणं साहजिकच आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडच्या ज्या लोकांना सैबेरियात नेऊन टाकलं होतं त्यातले जवळपास पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे येऊन १९४३ ते ४८ आपल्या वळिवड्यात राहिले. त्यांनीही चर्चबरोबर लगेच शाळा काढल्या, प्राथमिकपासून पार वरच्या वर्गांपर्यंत, नाटकंसुद्धा बसवायचे. ते गेले आणि त्याच जागेत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ते आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. म्हणजे हा विषय आपल्या घरापासून लांबचा नाहीच.

भारतातही जेआरएसचं मोठं काम आहे, ते तमिळनाडूत, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या कॅम्पांत. तिथेही मुख्य भर मुलांच्या अभ्यासावरच, संध्याकाळचे क्लास वगैरे. तिथे काम केलेले फादर अ‍ॅलेक्सिस प्रेमकुमार पुढे अफगाणिस्तानात गेले आणि २ जून २०१४ ला हेरातजवळच्या एका गावात, परत आलेल्या निर्वासितांच्या मुलांची शाळा बघायला गेलेले असताना बंदूकधाऱ्यांनी त्यांना पळवून नेलं. आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये सुटले. तेव्हा आपल्याकडे बातमी आली होती, पण ते तिथे नक्की काय करत होते हे किती जणांनी वाचलं असेल कोण जाणे.

भूतान आणि नेपाळच्या सरकारांमध्ये बोलण्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या पण कॅम्पातलं एकही कुटुंब परत गेलं नाही. शेवटी २००७-०८ पासून आठ देशांनी त्यांना घ्यायला सुरुवात केली, एक लाखाच्या वर माणसं गेली, सगळ्यात जास्त अमेरिकेत. इथे आल्यावर कुणी नर्स झालं, कुणी ट्रक चालवतं, कुणी दुकान टाकलं, आणि त्या बांबूच्या शाळेतलं इंग्लिश पहिल्या दिवसापासून उपयोगी पडलं. मैत्रीण म्हणते की ज्या घरात शाळेत गेलेलं एक जरी पोर होतं ते घर इथे लवकर सावरलं, पत्र वाचायला, डॉक्टरकडे आजीबरोबर जायला कुणीतरी होतं.

आणि एवढं होऊन २०२५ च्या मार्चपासून अमेरिकेने ह्यातल्याच काही जणांना धरून भूतानला पाठवलं. भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, भारताच्या हद्दीवर आणून सोडलं, काही जण तिथून नेपाळात पुन्हा त्याच कॅम्पात पोचले आणि विनापरवाना शिरले म्हणून तिथे पकडले गेले. म्हणजे तीन देशांनी नको म्हटलेला माणूस. मला ह्याचा प्रचंड राग आहे. त्यांनी इथे काही गुन्हा केला असेल तर त्याची शिक्षा इथे आहे ना, ती भोगल्यावर पुन्हा बेघर कशाला करायचं? त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, त्याचा फटका जेआरएसच्याही कामांना बसला.

बेलडांगीत अजून काही हजार लोक आहेत, त्यात मैत्रिणीच्या काकांचं कुटुंब. आमच्या इथल्या मराठी मंडळात यंदाच्या गणपतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा तिथल्या मुलांच्या शिक्षणासाठी द्यावा असं मी सुचवलंय, कारितास नेपाळमार्फत पाठवता येईल का ते विचारायला मेल केलीये. मंडळाची मीटिंग येत्या शनिवारी आहे, कोलंबसमधलं कुणी वाचत असेल तर नक्की या, मैत्रीणही येणार आहे, तिला काय विचारायचं ते विचारा.