वारा पडलेला, तरी बोट वर चढवायची

खारे वारे आणि मतलई वारे मी शाळेच्या भूगोलात पाठ केले होते. ते गालावर ओळखायला शिकले बॉस्टनला येऊन.

इथे चार्ल्स नदीवर, लाँगफेलो पुलाच्या अलीकडे, 'कम्युनिटी बोटिंग' हा 1946 पासूनचा सार्वजनिक शिडाच्या बोटींचा क्लब आहे. 15 फुटी 'मर्क्युरी' बोट, दोन शिडं. 1910 साली धरण झालं आणि इथली भरती-ओहोटी थांबली, त्यामुळे पाणी तळ्यासारखं. वारा पडला की प्रवाहाचाही आधार नाही.

त्या दिवशी पश्चिमेचा वारा दुपारी पडला. मग बंदराकडून खारा वारा लागला, अगदी हलका. आमचा धक्का त्याच दिशेला! वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची बोट जात नाही. साधारण 45 अंशांचा कोन धरून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी चढावं लागतं.

धक्का समोर दिसत होता, म्हणून मी सुकाणू तिकडेच वळवत राहिले, शीड आवळत राहिले. बोट थबकली आणि आडवी सरकू लागली. पोटाखालची उभी फळी पाणी कापत असेल तरच बोटीला धरून ठेवते.

सोबतचे सत्तरीतले गृहस्थ म्हणाले, "आधी तिला चालू दे, मग चढव."

मी बोट वाऱ्यापासून जराशी वळवली, दोर हातभर सैल सोडला. आम्ही दोघंही पुढे सरकून शिडाच्या बाजूला बसलो. बोट कलली, तशी शिडं आपल्याच वजनानं गोलाई धरू लागली. मागचा भाग उचलला गेला, तिथली पाण्याची खळखळ थांबली. शिडावरचे मरगळलेले लोकरीचे धागे सरळ मागे उडू लागले. मग कुठे बोट पुन्हा किंचित वाऱ्याकडे वळवली.

हे मला फार आवडतं. जागचं हललं तरी शिडातला वारा सांडतो, म्हणून माणसं आपोआप हळू बोलतात. नजर पाण्यावर, जिथे शहारा उठल्यासारखा गडद पट्टा दिसेल तिथे जायचं. काठावरच्या इमारतींमुळे वारा सारखा दिशा बदलतो. त्यानं बोटीचं नाक धक्क्यापासून दूर ढकललं तर बाजू बदलायची, पण उगाच नाही, कारण प्रत्येक वळणात कमावलेला वेग जातो.

पुलावरून रेड लाइन मेट्रोच्या कितीतरी गाड्या गेल्या. धक्क्याला लागून शीड उतरवत होतो, तेवढ्यात त्या गृहस्थांनी पुलाकडे बोट दाखवलं. कमानींखालून पाणी काळसर होत येत होतं.

आम्ही शीड पुन्हा चढवलं.