कंट्रोलच्याच गोगलगायींत शिसं जास्त

एएएसची, म्हणजे गोगलगायींतले धातू मोजणाऱ्या मशीनची, शीट मेलवर आली तेव्हा मी लोकलमध्ये लटकत होतो आणि पहिला विचार आला की गेलं, टबांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. कॅडमियम बरोबर होतं, एमआयडीसीच्या नाल्याकाठच्या गोगलगायींत जास्त, गावाकडच्यांत कमी. शिसं मात्र उलटं. आणि गाव म्हणजे आमचा कंट्रोल, तुलनेसाठी घेतलेली स्वच्छ जागा! ना कारखाना, ना हायवे, नुसतं शाळेचं आवार.

लोकांना वाटतं गोगलगाय धुतली, मशीनला लावली, झालं. पावसाळ्यात तिन्हीसांजेला टॉर्च घेऊन आफ्रिकन गोगलगायी वेचायच्या, त्याही ग्लोव्हज घालूनच, कारण उंदराच्या फुप्फुसातला एक जंत त्यांच्यातून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. एमआयडीसीतला वॉचमन लातूरकडचा, तो म्हणाला, "२०२२ ला आमचं सोयाबीन ह्यांनीच खाल्लं, अन् तुम्ही डब्यात घालून नेताय होय?" त्याला काय सांगणार. मग ४८ तास उपाशी ठेवायच्या, खाली ओला टिश्यू, म्हणजे पोटातली माती निघून जाते, नाहीतर मातीतलंच शिसं मोजून बसाल. नंतर डीप फ्रीझर. शंख फोडायचा आणि अगदी टोकाच्या वेटोळ्यात दडलेली चॉकलेटी पाचकग्रंथी अलगद काढायची, कॅडमियम तिथेच साठतं. हात जरा जड पडला की ती फाटते. माझी फाटत नाही, त्याचा मला थोडा माज आहे. ६० डिग्रीला वाळवणं, नायट्रिक ॲसिड, धूर ओढून घेणाऱ्या हुडमध्ये तो तपकिरी धूर, आणि त्याआधी सगळी काचेची भांडी रात्रभर १० टक्के ॲसिडमध्ये. एवढं करून आकडा उलटा.

माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "आउटलायर आहेत, कंट्रोल साइट बदल." आउटलायर म्हणजे बाकीच्यांपासून फटकून पडलेला आकडा. सबमिशन जवळ आलं की मॅडमना सगळंच आउटलायर दिसतं. आणि सगळ्याच्या सगळ्या कशा आउटलायर असतील?

सुटलं ते लॅबमधल्या काकांमुळे. भांडी धुताधुता म्हणाले, "अरे, त्या गावच्या टबात हिरवं हिरवं हगल्या होत्या ना रे?" मी फोन काढला, फोटो होताच. पांढऱ्या टिश्यूवर हिरव्या गुंडाळ्या, आणि मी तेव्हा शेवाळ समजून सोडून दिलेल्या. आता झूम केलं तर शेवाळाचा मळकट हिरवा नव्हताच तो, चक्क ऑइलपेंटचा होता. गोगलगाय ज्या रंगाचं खाते त्याच रंगाचं टाकते हे मी ज्युनियरना शिकवतो, बोला.

शनिवारी गावी गेलो. शाळेची कंपाउंड वॉल चुन्याची, खाली कमरेएवढा जुना हिरवा पट्टा, पापुद्रे सुटलेला, आणि त्यावर नागमोडी खरवडल्याच्या बारीक बारीक रेघा. शंखाला कॅल्शियम लागतं म्हणून त्या चुना खातात, जीभ म्हणजे कानसच, चुन्याबरोबर रंगही पोटात. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांत फारसा फरक कळत नाही. जुना हिरवा ऑइलपेंट पुष्कळदा लेड क्रोमेटचा पिवळा आणि प्रशियन निळा मिसळून केलेला असायचा. रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, भिंत त्याच्या कितीतरी आधीची.

पापुद्रा बाटलीत भरून एएएसच्या रांगेत लावलाय, आकडा यायचाय. तोवर मॅडम ऐकणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर तोवर मीही छातीठोक बोलू नये. पण डोक्यातून जात नाहीये, कारण एमआयडीसीच्या नाल्यावर महिनाभर नाकाला रुमाल लावून फिरलो आणि इथे त्याच भिंतीला टेकून मधल्या सुट्टीत पोरं डबे खातात, मीही खाल्लेत.

हेडमास्तर सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं बोललास, रविवारीच माणूस लावून अख्खी भिंत घासून काढतो." मी जवळजवळ ओरडलोच, सर, कोरडी घासू नका, सगळी धूळ पोरांच्या नाकातोंडात जाईल! सर माझ्याकडे बघतच राहिले, म्हणाले, "मग करू काय, ते तरी सांग."