नंबर पडलेला वड

झाडावर नंबर पडला की मगच ते गावाला दिसायला लागतं. तोवर आपलं असतंच. एसटीची वाट त्याच्याखाली बघायची, उन्हात गाडी त्याच्याखाली लावायची, पत्ता सांगताना ‘वडापासून डावीकडे’ म्हणायचं. मग एके सकाळी खोडावर रंगानं आकडा घातलेला दिसतो आणि ‘वड रस्त्यात जातोय’ ही बातमी दुपारपर्यंत घरोघरी पोचते.

संध्याकाळी पारावर जमणाऱ्यांत असेही असतात, ज्यांनी त्याच खोडाला खिळे ठोकून क्लासच्या पाट्या लावल्या. वाढदिवसाचे फ्लेक्स तारेनं आवळले. पाराला खोडापर्यंत सिमेंट ओतायची हौसही यांचीच. मुळांना पाणी कुठून मिळणार, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. तरी ही माणसं मला ढोंगी वाटत नाहीत. माया गलथान असते, एवढंच.

पंचाईत होते ती हरकतीचा अर्ज लिहायला बसल्यावर. झाडाचं वय काय? ‘आजोबांच्या लहानपणीही एवढाच होता’ हा पुरावा पारावर चालतो, कचेरीत चालत नाही. महाराष्ट्राच्या शहरी वृक्षकायद्यात 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरतं. पण गावाबाहेरच्या रस्त्याला शहराचा कायदा कसा लागणार? शिवाय वडाचं वय मोजायचं तरी कुठून? पारंब्या जमिनीत उतरून खोडं होतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं किडलं म्हणून 1925 साली काढून टाकलं. वड अजून पसरतोच आहे.

किंमतही निघालेली आहे. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या एका समितीनं 2021 साली हिशेब मांडला: झाडाचं जितकं वय, तितके गुणिले 74,500 रुपये. ऑक्सिजन, खत वगैरे धरून. कोटीच्या घरात गेलेला आपला वड बघून क्षणभर छाती फुगते. पण लाल फळांवर तुटून पडणारे तांबट, पारावर जमलेली सोयरीक, निवडणुकीआधीची कुजबुज यांचा रकाना त्या हिशेबात कुठून असणार?

कधी कधी जमतंही. 2020 साली मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा, चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. लोक उभे राहिले, विषय राज्याच्या मंत्र्यांकडून केंद्रीय मंत्र्यांपर्यंत गेला आणि रस्त्याची आखणी बदलली. रस्ता वळू शकतो, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. एरवी तो सरळच जायला हवा, असं आपल्याला का सांगतात कोण जाणे.

पण तोडायच्या झाडांच्या यादीत वड असतो एखादाच. बाकी करंज, कडुलिंब, बाभळी. त्यांना पार नाही, त्यांच्याखाली देव नाही, वटपौर्णिमेला त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. अर्ज लिहिताना गर्दीतला एखादा म्हणतोच, “त्या वळणावरच्या करंजाचंही घाला की.” त्याला लगेच गप्प बसवतात, सगळंच मागितलं तर वडही हातचा जाईल. व्यवहार म्हणून बरोबर असेलही. मला पटतं ते त्या करंजवाल्याचं.