भीती वाटते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न ठरलेला आहे. डिसेंबरात इंग्लंडहून पुण्याला आलो की पहिल्या दोन-तीन दिवसांत कोणी ना कोणी विचारतंच. आत्या विचारते, सोसायटीतले काका विचारतात, शाळेतले मित्र विचारतात. "तुमच्या तिकडे एवढे बॉम्बस्फोट होतात, कुणीही उठतो आणि चाकू घेऊन सुटतो. तुला भीती नाही का रे वाटत?" मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य येतं, "त्यातून तू बर्मिंगहॅमला. तिथे सगळे तेच ना?"

वीस वर्षं मी "नाही हो, तसं काही नसतं" म्हणत आलो. यंदा आत्या म्हणाली, "दर वेळी हेच म्हणतोस आणि दर वेळी विषय बदलतोस." तिचं खरं आहे. तेव्हा एकदाच काय ते नीट सांगतो.

"तेच" म्हणजे कोण, इथूनच माझी चिडचिड सुरू होते. लंडनचा ७ जुलै २००५ तुम्हाला पाठ आहे, मँचेस्टरचा मे २०१७ आठवतो, तो मी पुन्हा उगाळत नाही. पण मी राहतो त्या शहरातला सगळ्यात भीषण हल्ला झाला २१ नोव्हेंबर १९७४ला. गुरुवारची रात्र. न्यू स्ट्रीटच्या परिसरातल्या दोन पबमध्ये दहा मिनिटांच्या अंतराने दोन स्फोट झाले. २१ माणसं गेली, त्यातली बरीचशी विशी-तिशीतली. आठवड्याभरात संसदेने दहशतवादविरोधी कायदा मंजूर केला. संशय होता आयआरएवर, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेवर. यात दाढी नव्हती, टोपी नव्हती, तुमच्या डोक्यातलं एकही चित्र नव्हतं. मारणारेही गोरे, मरणारेही बहुतेक गोरे.

त्याच रात्री बेलफास्टच्या बोटीवर चढायला निघालेल्या पाच आयरिश माणसांना हेशम बंदरावर अडवलं. सहावा मागाहून बर्मिंगहॅममध्ये पकडला. हातांवर स्फोटकांचे अंश आहेत का, याची चाचणी झाली आणि काहींच्या बाबतीत ती 'हो' आली. सगळ्यांना जन्मठेप झाली. हे पाच जण आगगाडीत पत्ते खेळत आले होते, आणि पत्त्यांवर जो चकचकीत लेप असतो त्यानेही ती चाचणी 'हो' येऊ शकते, हे फार उशिरा बाहेर पडलं. १४ मार्च १९९१ रोजी ते सुटले. सोळा वर्षं गेली होती. ज्यांनी बॉम्ब ठेवले त्यांच्यापैकी कोणालाही त्या गुन्ह्यासाठी आजवर शिक्षा झालेली नाही.

मी २००४च्या शेवटी इथे आलो तेव्हा ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक आयरिश बाई बसायच्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी मला हे सगळं सांगितलं. स्फोटांनंतर त्यांची आई कित्येक महिने दुकानात बोलत नसे. तोंड उघडलं की आयरिश हेल कळणार. बेकरीत गेली की हव्या त्या पावाकडे बोट दाखवायची, किती हवेत ते बोटांनीच सांगायची, पैसे ठेवायची, निघायची. बेकरीवाल्याला वाटायचं, मुकी आहे. आयरिश लोकांची सेंट पॅट्रिकची मिरवणूक या शहरात बंद पडली ती थेट १९९६मध्ये पुन्हा निघाली.

ही गोष्ट मी ऐकली तो फेब्रुवारी २००५ होता. तारीख मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते जुलैमधलं.

आता तुम्ही म्हणाल, आयरिश लोकांचं झालं, पण म्हात्र्यांचं काय? बरोबर आहे, मी ते टाळणार नाही. डीपी रोडवरच्या लग्नांना जाताना तुम्ही सगळे म्हात्रे पुलावरून जाता. मी तर त्या पुलाच्या अलीकडे लहानाचा मोठा झालो. रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीत अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४च्या संध्याकाळी बार्टली ग्रीन भागात बसमधून उतरताना त्यांना पळवलं. हातात मुलीच्या वाढदिवसाचा केक होता. स्वतःला काश्मीर लिबरेशन आर्मी म्हणवणाऱ्या गटाने फाशीची शिक्षा झालेल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भटच्या सुटकेची मागणी केली. दोन दिवसांनी म्हात्र्यांचा मृतदेह लेस्टरशरमधल्या एका आडरस्त्यावर सापडला, आणि ११ फेब्रुवारीला तिहारमध्ये भटला फाशी झाली. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी बार्टली ग्रीनला जाऊन आलो. साधी घरं, साधा बसथांबा. अर्धा तास उभा राहिलो आणि परत आलो.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन्ही बाजूंचं माहीत होतं. तरी व्हायचं ते झालं.

तेव्हा मी बॉल्सल हीथला एका खोलीत राहत होतो. लेडीपूल रोडवर एका मिरपुरी, म्हणजे पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूरच्या, गृहस्थांचं किराणा-भाजीचं दुकान होतं. सत्तरीचे असावेत. पांढरी विणलेली टोपी, वर राखाडी स्वेटर, उन्हाळ्यातही. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला पुत्तर. पहिल्यांदा ज्वारीचं पीठ मागितलं तेव्हा त्यांना ते ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात कुठूनसं दोन किलोचं पाकीट आणून ठेवलं आणि त्यानंतर दर महिन्याला काउंटरखाली माझ्यासाठी वेगळं काढलेलं असायचं. त्यांचं गाव मंगला धरणात गेलं. हिवाळ्यात पाणी उतरलं की जुन्या मिरपूरचे दर्गे, देवळं वर येतात, लोक कबरींवर फुलं वाहायला जातात, असं ते सांगायचे. माझं आजोळ उजनीत गेलेलं. मी त्यांना पळसदेवचं सांगितलं, उन्हाळ्यात देऊळ पाण्यातून कसं वर येतं ते. त्यांनी वजनकाटा थांबवून विचारलं, "आणि तुमचे लोक जातात का दर्शनाला?" जातात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि कोथिंबिरीची एक जुडी वर टाकली.

मग ७ जुलै आला. ५२ माणसं गेली. दोन दिवसांनी, शनिवारी रात्री, पोलिसांनी बर्मिंगहॅमचा मध्यभाग रिकामा केला. वीस हजारांच्या आसपास माणसं बाहेर काढली. मी ब्रॉड स्ट्रीटवरून चालत घरी आलो. काहीच निघालं नाही, पण त्या रात्रीनंतर शहर वेगळ्याच नजरेने बघायला लागलं. २२ जुलैला लंडनच्या स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी एका तरुणाला डोक्यात गोळ्या घातल्या. ज्याँ शार्ल द मेनेझेस. ब्राझीलचा, वीजजोडणीची कामं करणारा. चुकून. सावळा होता, माझ्यासारखाच.

त्यानंतरचा मंगळवार. संध्याकाळची ५० नंबरची दुमजली बस, खालच्या मजल्यावर गर्दी. माझ्या मांडीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, चार्जर आणि स्टीलचा डबा. रस्त्यात काम चालू होतं, बस सारखे धक्के घेत होती आणि डब्याचं झाकण खणखण वाजत होतं. समोरच्या बाईने एकदा सॅककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. दाढी आठवड्याची वाढलेली. ती उठून पुढे जाऊन उभी राहिली. मग तिच्या शेजारचा. माझ्याभोवती जागा होत गेली. बसमध्ये माणसं उभी होती आणि माझ्या आजूबाजूच्या चार सीट रिकाम्या होत्या. शेवटी एक उंच माणूस पुढे आला आणि म्हणाला, "बॅगेत काय आहे?" आवाज चढवला नव्हता. त्याचाही हात थरथरत होता, ते मी पाहिलं.

मी सॅक उघडली. डबा काढला. त्याचं झाकण घट्ट बसायचं, घामाने बोटं सरकत होती, लवकर निघेना. निघालं. आत अर्धी पोळी आणि बटाट्याच्या भाजीचा तळ. तेवढ्यावर थांबता आलं असतं. तो माणूस "सॉरी" म्हणून मागेही झाला होता. कोणी आणखी काही विचारलं नव्हतं. मीच इंग्रजीत, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी भारतातला आहे. हिंदू आहे. त्यांच्यातला नाही."

आणि 'त्यांच्यातला' म्हणताना मी हनुवटीने पुढे खूण केली. पुढच्या आडव्या सीटवर पांढरी टोपी दिसत होती म्हणून.

टोपी वळली. चाचा होते.

त्यांच्या पायाशी भाजीची पिशवी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उघड्या डब्याकडे पाहिलं, आणि पिशवी हळूच पायांनी सीटखाली सारली, म्हणजे कोणाला दिसू नये. पुढच्या स्टॉपला ते उतरले. त्यांचा स्टॉप तो नव्हता. त्यांचा आणि माझा स्टॉप एकच होता.

आता माझी बाजू. कारण ती मी स्वतःपुढे वीस वर्षं मांडतोय. चार दिवसांपूर्वी एक निरपराध माणूस माझ्या रंगाचा म्हणून मेला होता. मी म्हात्रे पुलामागचं नाव डोक्यात घेऊन या शहरात आलो होतो, मला सावध असायचा हक्क होता. मी खोटं काही बोललो नाही. मी भारतातला आहे, हिंदू आहे. ज्या चौघांनी लंडनमध्ये स्फोट केले त्यांच्याशी माझा संबंध नव्हता, हे सांगण्यात गुन्हा काय? सव्वीस वर्षांचा मी हे सगळं म्हणतो, आणि त्याचं प्रत्येक वाक्य टिकतं. फक्त त्याला मी विचारतो की, चाचांचा तरी त्या चौघांशी काय संबंध होता? तो म्हणतो, ते मला कसं ठाऊक असणार. मी म्हणतो, तुला ठाऊक होतं. ज्वारीचं पीठ कुठे ठेवलेलं असतं ते तुला ठाऊक होतं. तो म्हणतो, खूण केली तेव्हा ते चाचा आहेत हे दिसलं नव्हतं. मी म्हणतो, मग कोणीही चाललं असतं? इथे दोघंही गप्प होतो.

आयरिश बाईंना मी हे कधी सांगितलं नाही. वर्षभरात त्या निवृत्त झाल्या.

दुकानात मी पुढच्या महिन्यात गेलो. चाचांनी पाकीट काउंटरखालून काढलं, वर ठेवलं, सुटे पैसे मोजून दिले. "शुक्रिया जी," म्हणाले. पुत्तर नाही. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मागे एक बाई मिरच्या निवडत होती, तिच्यासमोर नको, असं स्वतःला सांगितलं आणि बाहेर पडलो. त्या हिवाळ्यात मी हार्बोर्नला राहायला गेलो. ऑफिस जवळ पडतं, असं सगळ्यांना सांगितलं. पडतंही.

२९ एप्रिल २०१३ रोजी बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमध्ये मोहम्मद सलीम नावाच्या ८२ वर्षांच्या माणसाला रात्रीच्या नमाजाहून घरी चालत जाताना पाठीत भोसकून मारलं. मारणारा पाव्लो लापशिन, युक्रेनहून आलेला विद्यार्थी. इंग्लंडात येऊन त्याला जेमतेम पाच दिवस झाले होते. पुढे त्याने वॉल्सॉल, वुल्व्हरहॅम्प्टन आणि टिप्टनच्या मशिदींपाशी बॉम्ब ठेवले. टिप्टनच्या बॉम्बमध्ये खिळे भरलेले होते. त्या शुक्रवारी नमाज नेहमीपेक्षा तासभर उशिरा होती म्हणून माणसं वाचली. हा हल्ला तुमच्यापैकी एकानेही मला कधी विचारला नाही. आत्या, तूसुद्धा.

बातमी आली तेव्हा नाव अजून जाहीर झालं नव्हतं. स्मॉल हीथ, म्हातारा माणूस, मशिदीतून घरी. मी ऑफिसात बसून दुपारभर पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. नाव आलं, तरी मला काही कळेना, कारण चाचांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. फोटोची वाट पाहावी लागली. फोटो आला. ते नव्हते. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं ते एका मारल्या गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत असताना.

तर भीती वाटते का? वाटते. गर्दीच्या ख्रिसमस बाजारात वाटते, बसमध्ये बेवारस बॅग दिसली की वाटते, शुक्रवारी कुठल्या मशिदीबाहेर गर्दी दिसली की त्या गर्दीसाठीही वाटते. ती येते आणि जाते, त्याने मी इथून निघून येणार नाही. दुसरी एक आहे ती जात नाही. पुन्हा तशी संध्याकाळ आली, पुन्हा कोणी विचारलं की बॅगेत काय आहे, तर मी डबा उघडून गप्प बसेन का? मला तसं म्हणायला आवडेल. आता मुलगी दहावीत आहे, तीही त्याच बसने जाते. ती शेजारी असेल तर मी काय बोलेन, ते मला सांगता येत नाही.

सलीम यांना मारलं त्या वर्षी, २०१३च्या मे महिन्यात, एका शनिवारी मी लेडीपूल रोडला गेलो. दुकान होतं, पाटी नवी होती, काउंटरवर तिशीतला मुलगा. मी म्हातारबाबांबद्दल विचारलं. "दादाजी? ते मिरपूरला परत गेले, तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "काही काम होतं का?"

मी ज्वारीचं पीठ आहे का विचारलं. त्याने न विचारता काउंटरखाली हात घातला.