डोजोचे रकाने: कर्जाचा अर्ज वेबवर आणताना

एका सहकारी पतसंस्थेचा कर्जअर्ज वेबवर आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा टूलकिट निवडायचा प्रश्नच नव्हता. संस्थेची जुनी प्रणाली डोजो या जावास्क्रिप्ट टूलकिटच्या १.एक्स मालिकेवर चालत होती आणि नवा अर्ज तिच्यातच बसवायचा होता. आमच्याकडे जेक्वेरी ही दुसरी जावास्क्रिप्ट लायब्ररी सगळ्यांना यायची, डोजो कुणालाच नाही. ज्यांनी आर्कजीआयएस या नकाशा-प्रणालीचे नकाशे वेबवर चढवलेत त्यांची डोजोशी तोंडओळख असते, कारण तिच्या जावास्क्रिप्ट एपीआयची तिसरी मालिका डोजोवरच बांधलेली होती. माझी तेवढीही नव्हती.

डोजो सुरू झालं २००४ मध्ये, त्याची १.० आवृत्ती आली २००७ मध्ये. तेव्हा बहुतेक ब्राउझरांकडे स्वतःचा तारखेचा रकाना नव्हता, रकमेचा नव्हता, टाइप करता करता गाळत जाणारी यादी तर नव्हतीच. ही सगळी कामं डोजोच्या ‘डिजिट’ (Dijit) या भागाने अंगावर घेतली. साध्या इनपुटवर डेटा-डोजो-टाइप लिहायचं. पान उघडलं की पार्सर ते वाचतो आणि त्या जागी पूर्ण विजेट, म्हणजे वागणुकीसकट तयार रकाना, उभं करतो. क्लॅरो थीम लावली की दिसायलाही बरं. त्यामुळे सुरुवातीच्या डेमोला सगळे खूश होते आणि काम जवळपास संपलं असं समजून मोकळे झाले.

खरी मेहनत पुढे होती. डिजिटच्या रकान्यात दोन व्हॅल्यू राहतात, एक समोरच्याला दिसणारी आणि एक सर्व्हरकडे जाणारी. बहुतेक वेळा दोघी एकमेकींना धरून असतात. जिथे नसतात त्या जागा शोधण्यातच माझा वेळ गेला.

जन्मतारखेचंच घ्या. दाखवताना दिवस, महिना, वर्ष असा क्रम हवा होता. पॅटर्नमध्ये महिन्यासाठी मोठा एम लागतो. छोटा लिहिलात तर तिथे मिनिटं उमटतात. हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे, लगेच सुटतं. फॉर्म नेहमीच्या पद्धतीने सबमिट केला तर डिजिट एका लपवलेल्या इनपुटमधून आयएसओ क्रमाची (वर्ष, महिना, दिवस) तारीख पाठवतं, तिथेही काही अडत नाही. पण आम्ही जेसॉन, म्हणजे नाव-व्हॅल्यू जोड्यांचा मजकूर, पाठवत होतो. रकान्याकडे व्हॅल्यू मागितली की हातात जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट पडतो, स्थानिक मध्यरात्रीचा, आणि जेसॉन होताना तो यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलतो. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून १५ ऑगस्टची मध्यरात्र तिकडे १४ ऑगस्टची संध्याकाळ, साडेसहा. सर्व्हर तारखेपुरताच भाग उचलत होता. चाचणीत टाकलेला प्रत्येक कर्जदार एक दिवस आधी जन्माला येत होता! उपाय डोजोतच होता: डेट-स्टॅम्प मॉड्यूलकडून ‘फक्त तारीख’ अशी मागणी करून मजकूर घ्यायचा आणि तोच जेसॉनमध्ये भरायचा.

रकमेच्या रकान्यावर मात्र माझा जीव जडला. साडेबारा लाख हे मिलियनच्या हिशेबात स्वल्पविराम टाकून दाखवलं तर संस्थेत कुणी वाचणार नाही. मला वाटलं होतं की इथे स्वतःचा कोड लिहावा लागणार. पण डोजोचा नंबर मॉड्यूल पॅटर्नमधल्या दोन स्वल्पविरामांच्या जागा पाहून पहिला गट तीन आकड्यांचा आणि पुढचे दोन-दोनचे धरू शकतो. वाचतानाही तेच गट ओळखतो. हे ज्याने लिहिलं त्याच्या डोक्यात लाख-कोटी नक्की होते. रकान्यात कर्सर गेला की स्वल्पविराम निघून जातात, बाहेर पडलात की परत येतात, कारण दुरुस्तीसाठी वेगळा पॅटर्न ठेवलेला असतो. ऑपरेटर मंडळींना आधी हे विचित्र वाटलं, मग आवडलं.

अडलं ते देवनागरी आकड्यांपाशी. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर रक्कमही मराठी आकड्यांतच उमटते, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी तो आकडाच नसतो. मजकुराचा साचा तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकांची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. मी रकमेच्या रकान्यावरून नवा वर्ग (क्लास) डिक्लेअर केला आणि त्यात मराठी अंकांचे इंग्रजी अंक करून मग मूळ पद्धतीला हाक मारली. हे दोन ठिकाणी करावं लागतं, मजकूर वाचणाऱ्या पार्समध्ये आणि तो बरोबर आहे का ते ठरवणाऱ्या व्हॅलिडेटरमध्ये. एकाच ठिकाणी केलं तर रकाना रक्कम बरोबर समजतो आणि तरीही लाल होऊन बसतो.

याच रकान्याची आणखी एक खोड सांगून ठेवतो. तो रिकामा असेल तर व्हॅल्यू नॅन (‘आकडा नाही’) मिळते, वेडंवाकडं काही लिहिलेलं असेल तर अनडिफाइन्ड (‘व्हॅल्यूच नाही’). जेसॉन करताना नॅनचं नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, होतं, पण अनडिफाइन्ड असेल तर रकान्याचं नावच सरळ गळून जातं. कुणी ‘पन्नास हजार’ असं अक्षरी लिहिलं तर पडद्यावर मजकूर ठळक दिसतो आणि सर्व्हरला असा काही रकाना होता याचा पत्ताच लागत नाही. म्हणून आधी सगळे रकाने तपासणारी फॉर्मची व्हॅलिडेट हाक, ती खरी आली तरच पुढचं. सर्व्हरवरची तपासणी वेगळी, ती कधीच काढायची नाही.

गावाच्या रकान्याला फिल्टरिंग-सिलेक्ट, म्हणजे ती टाइप करता गाळत जाणारी यादी, घेतला. त्याचा धाकटा भाऊ कॉम्बो-बॉक्स दिसायला तसाच, पण तो दिसणारा मजकूर जसाच्या तसा पाठवतो आणि यादीत नसलेलंही चालवून घेतो. फिल्टरिंग-सिलेक्ट यादीतलंच मागतो आणि पाठवतो आयडी. आता गंमत बघा: वडगाव लिहिलं तर कुठलं? वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, आणि नुसतं वडगाव म्हणवणारी आणखी कितीतरी. यादीत शेजारी तालुका दाखवता येतो, पण निवड झाल्यावर रकान्यात उरतो तो शोधाचाच मजकूर, म्हणजे ज्यावर यादी गाळली जाते तो. दोन नोंदींचा तो मजकूर सारखा असेल आणि ऑपरेटरने यादीला हात न लावता नुसतं टाइप करून पुढे पाऊल टाकलं, तर पहिली नोंद निवडली जाते. कर्जदार मावळातला आणि आयडी भलत्याच तालुक्याचा. शेवटी शोधाच्या मजकुरातच तालुका घातला. शिवाय तालुक्याचा रकाना बदलला की गावाची क्वेरी, म्हणजे यादी गाळण्याची अट, बदलायची आणि आधीचं गाव पुसायचं, नाहीतर जुना आयडी तसाच राहतो.

जुना अर्ज दुरुस्तीला उघडताना याच रकान्याने थोडं छळलं. आयडी दिला की तो नाव आणायला सर्व्हरकडे जातो, आणि उत्तर येईपर्यंत व्हॅल्यू विचारली तर नवी मिळत नाही. आम्ही आयडीऐवजी पूर्ण नोंदच रकान्याला द्यायला लागलो, फेरी वाचली.

जामीनदारांच्या ओळी ‘आणखी एक’ बटणाने वाढायच्या. ओळ काढताना नुसतं एचटीएमएल पुसलं तर विजेट डोजोच्या रजिस्ट्रीत (विजेट्सच्या नोंदवहीत) जिवंत राहतं, आणि त्याच आयडीची ओळ पुन्हा घातली की डोजो हा आयडी आधीच नोंदलेला आहे म्हणून अडून बसतं. विजेट आतल्या सगळ्यासकट काढणारं डिस्ट्रॉय-रिकर्सिव्ह वापरा, आणि शक्य असेल तर आयडी देऊच नका, डोजो स्वतः ठेवतं.

एवढं झाल्यावर संस्थेतल्या ताईंनी अर्ज भरून पाहिला. वीसेक वर्षं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीवर नोंदी केलेल्या बाई. नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर. पहिल्या रकान्यात नाव लिहून त्यांनी एंटर दाबला आणि फॉर्म सबमिट व्हायला निघाला.

“सर, एंटरने खाली जायला पाहिजे हो. माउसला हात लावला की माझी ओळ सुटते.”

मला आधी हा हट्ट वाटला. मग त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. टॅबच्या कळीने जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात त्या एंटरने पान संपवतात. फॉर्मवर एकच की-डाउन (कळ दाबल्याचं) ऐकणारा लावला, जो एंटर अडवून पुढच्या रकान्यावर फोकस, म्हणजे कर्सर, नेतो, पत्त्याचा मोठा रकाना तेवढा वगळून. यादी उघडी असेल तेव्हाचा एंटर फिल्टरिंग-सिलेक्ट स्वतःपाशीच ठेवून घेतो, फॉर्मपर्यंत येऊ देत नाही, त्यामुळे निवड आणि पुढे सरकणं यांची गल्लत झाली नाही. सबमिटसाठी वेगळं बटण, त्यावर मात्र एंटर चालतो.

शेवटी राहिला टॅबचा प्रश्न. अर्ज लांब, म्हणून कर्जदार, जामीनदार, तारण असे टॅब केले होते. व्हॅलिडेट पहिल्या चुकीच्या रकान्यावर फोकस न्यायला बघतं, पण तो रकाना मिटलेल्या टॅबमध्ये असेल तर पडद्यावर काहीच घडत नाही. माणूस ‘जतन करा’ दाबत राहतो. मी फॉर्मची सगळी विजेट्स ओळीने तपासून पहिलं चुकीचं शोधतो, ते कुठल्या टॅबच्या पोटात आहे ते पाहतो, तो टॅब पुढे आणतो आणि मग फोकस देतो. टॅबच्या नावापुढे त्यातल्या चुकांचा आकडाही लावला. ती ताईंची सूचना. त्यांना तो आकडा मराठी अंकांत हवा होता, तसाच दिला.